गॅस गीझरचा धूर नेमका कुठे जातो?

थंडी सुरू झाली, की पुणे, नाशिक, जळगाव, मुंबई, कुठून ना कुठून एक बातमी येतेच. बाथरूमचं दार बराच वेळ उघडलं नाही म्हणून घरच्यांनी ते तोडलं, आत गॅस गीझर चालू होता आणि माणूस खाली पडलेला होता. अशी बातमी पुष्कळदा ‘गॅस गळतीमुळे’ या शब्दांत छापली जाते. पण बहुतेक घटनांत गॅस गळलेलाच नसतो. तो गीझरमध्ये जळत असतो. जीव घेतो तो जळलेल्या गॅसचा धूर. तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, गळती झाली तर लगेच समजावी म्हणून. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र कसलाच वास नाही.

हा धूर घराबाहेर सुरक्षितपणे कसा काढायचा, भिंतीतून पाइप न्यायचा तर कोणत्या प्रकारच्या गीझरचा, कुठून आणि कसा न्यायचा, हे इथे सविस्तर सांगतो. प्लंबरला बोलावण्याआधी हे वाचून घ्यावं, कारण गीझर बसवणारा माणूस पाण्याच्या जोडण्या चोख करतो, धुराविषयी मात्र क्वचितच काही विचारतो.

आधी हवेचा हिशोब

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचं मिश्रण. भरपूर हवा मिळाली तर तो पूर्ण जळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघते. हवा अपुरी पडली, की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

भरपूर म्हणजे किती? मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर गीझरला सुमारे १२ किलोवॉट उष्णतेइतका गॅस जाळावा लागतो. शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण आचेवर ठेवल्यासारखं झालं. असा गीझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. आता आपलं नेहमीचं बाथरूम घ्या: चार बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावते जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. दार-खिडकी बंद करून दहा मिनिटं गीझर चालवला, तर या हवेतल्या ऑक्सिजनचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा गीझरच वापरून टाकतो. ज्योत बिघडायला आणि विषारी वायू निघायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते.

अमेरिकेतल्या गॅस संहितेत घरातलीच हवा घेऊन जळणाऱ्या उपकरणासाठी दर किलोवॉटमागे ४.८ घनमीटर जागा धरण्याचा संकेत आहे. १२ किलोवॉटला त्या हिशोबाने ५७ घनमीटर लागतात, आपल्या बाथरूमच्या दहापट. हे आकडे एकदा समोर आले, की ‘आम्ही वर छोटी खिडकी ठेवलीय की’ या उत्तरात काही अर्थ राहत नाही. थंडीत ती खिडकीही बंदच असते.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे हवेत त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी पुरतं. दहा लाख भागांत ८०० भाग इतकं प्रमाण असेल तर पाऊण तासात डोकं गरगरतं, मळमळतं. ३,२०० भाग असतील तर पाच-दहा मिनिटांतच तशी लक्षणं दिसतात आणि अर्ध्या तासात मृत्यू येऊ शकतो. हातापायांतली ताकद लवकर जाते. पुष्कळदा काहीतरी बिनसलंय हे कळतं, पण उठून कडी काढण्याइतकं बळ उरत नाही. वाचलेल्या रुग्णांना बाथरूममध्ये झटका आला असं समजून फिटची औषधं सुरू झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलेलं आहे.

दिवाळीतल्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाला किंवा घरात पाहुणे असताना एकामागून एक अंघोळी होतात. पहिल्याला काही होत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. खोली मात्र मध्ये पुरती मोकळी होत नाही, आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते. घरात शेवटी कोण अंघोळ करतं, हे वेगळं सांगायला नको.

गीझरच भिंतीपलीकडे न्या

धूर बाहेर काढायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे तो घरात होऊच न देणं. माझं ठाम मत आहे, की आपल्याकडच्या दहांतल्या नऊ घरांसाठी हेच उत्तर आहे. गीझर बाथरूमच्या बाहेरच्या बाजूला, उघड्या गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत टांगा आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. धुराच्या पाइपसाठी जी कसरत लागते ती यात लागत नाही.

पुष्कळांना वाटतं, की गीझर हाताशी असायला हवा. तशी गरज नाही. हे गीझर पाण्याच्या प्रवाहावर पेटतात. आतला नळ सोडला, की बाहेर ज्योत लागते आणि नळ बंद केला, की विझते. तपमान एकदा लावून ठेवलं, की पुन्हा पुन्हा हात लावावा लागत नाही. मध्ये दहा फूट अर्ध्या इंची पाइप असला, तर त्यात थंड पाणी राहतं ते अर्ध्या लिटरहून कमी, तांब्याभरसुद्धा नाही. पाइप गरम पाण्यासाठी बनवलेला सीपीव्हीसी किंवा पीपीआरचा घ्या, त्यावर फोमची नळी चढवा आणि गीझरला पावसाचं पाणी लागणार नाही असा पत्र्याचा आडोसा करा. आडोसा वरून असावा, चारी बाजूंनी पेटी नको. पाण्याचा दाब कमी असलेल्या वरच्या मजल्यांवर गीझर पेटायला अडचण येते, तेवढं आधी तपासून घ्या.

आता ‘बाहेर’ कशाला म्हणायचं, हा खरा प्रश्न. आपल्या इमारतींत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. बाथरूमची खिडकी ज्या अरुंद, चारी बाजूंनी भिंती असलेल्या उभ्या पोकळीत उघडते तिला आपण डक्ट म्हणतो. डक्ट म्हणजे बाहेर नव्हे. तिथे सोडलेला गरम धूर वर चढतो आणि वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्यांतून आत शिरतो. आपलं घर सुरक्षित करताना आपण शेजाऱ्याच्या घरात विष सोडतो. ग्रिल लावून त्यावर स्लाइडिंग काचा बसवलेली बाल्कनी काचा बंद असताना एक खोलीच असते. जिना, पॅसेज, पार्किंगचा बंद कोपरा यांचंही तेच. ज्या जागी धूर सोडायचा तिथून वर मोकळं आभाळ दिसलं पाहिजे आणि वारा आडवा जाता-येता आला पाहिजे. यापैकी एक गोष्ट जरी नसली, तरी ती जागा सोडून द्या. अशी जागाच नसलेलं घर असेल तर विजेचा किंवा सौर गीझर घ्यावा, हेच प्रामाणिक उत्तर आहे. दोन-तीन वर्षांच्या बिलातली बचत या एका जोखमीपुढे काहीच नाही.

धुराचा पाइप भिंतीतून काढायचा असेल तर

आधी आपला गीझर कोणत्या जातीचा आहे ते पाहा. बाजारात मिळणारे स्वस्त, छोटे गीझर बिनधुराड्याचे असतात. त्यांच्या डोक्यावर नुसत्या फटी असतात, पाइप जोडायला गोल कॉलर नसते. अशा गीझरवर पत्र्याची टोपी ठोकून पाइप लावण्याचा उद्योग कुणी सुचवला तर साफ नकार द्या. त्याने ज्वलनाचं गणित बिघडतं आणि धोका वाढतो. असा गीझर फक्त उघड्यावरच लावायचा.

दुसरी जात धूर आपोआप वर चढण्यावर चालते. डोक्यावर कॉलर असते आणि पाइप आधी सरळ वर न्यावा लागतो, शेवटी छपराच्या वर मोकळ्यावर काढावा लागतो. अशा गीझरचा पाइप वाकवून थेट समोरच्या भिंतीतून आडवा बाहेर काढणं ही नेहमीची चूक आहे. आडव्या पाइपला ओढ नसते. भिंतीवर वारा आपटला, की धूर उलटा फिरून खोलीत येतो. कौलारू बंगल्यात हा प्रकार जमेल, फ्लॅटमध्ये शक्यतो नको.

तिसऱ्या जातीत पंखा असतो, तो धूर ढकलून बाहेर काढतो. भिंतीतून आडवा पाइप यालाच चालतो. पण जळायला लागणारी हवा तो खोलीतूनच घेतो, म्हणून बाथरूममध्ये हाही नको. स्वयंपाकघरात किंवा कपडे धुण्याच्या मोकळ्या जागेत ठीक. पंखा विजेवर चालतो. वीज गेली किंवा पाइप तुंबला, तर गॅस आपोआप बंद व्हायला हवा. ही सोय गीझरमध्ये कंपनीनेच दिलेली असली पाहिजे, आपण वरून लावलेला पंखा तिची जागा घेत नाही.

चौथी जात सर्वांत सुरक्षित. तिच्यात पाइपात पाइप असतो: आतल्यातून धूर बाहेर जातो, बाहेरच्यातून जळायला हवा आत येते. ज्वलनाची पेटी खोलीपासून पूर्ण बंद असते. ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते याच बंद प्रकारचं असावं लागतं. अमेरिकेत आणि कॅनडात प्रोपेनवर चालणारे खोली गरम करायचे हीटरही या प्रकारात मिळतात. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी त्याचं बाहेरचं तोंड जमिनीपासून निदान एक फूट आणि साचणाऱ्या बर्फाच्या थराच्या वर राहील असं पाहावं, आणि वादळानंतर आधी ते मोकळं करावं.

भोक पाडायची जागा ठरवताना घाई करू नका. कोअर कटिंगचं यंत्र विटांत किंवा ब्लॉकमध्ये चालवायचं, आरसीसीच्या तुळईत किंवा खांबात कधीच नाही. आतून विजेच्या नळ्या जात नाहीत ना, तेही पाहून घ्या. भोक धुराच्या पाइपपेक्षा इंचभर मोठं ठेवा, त्यात पत्र्याची नळी बसवा आणि पाइप त्या नळीतून न्या. मधल्या फटीत रॉकवूल भरून दोन्ही तोंडं उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बंद करा. पाइप सिमेंटमध्ये गच्च बुजवू नका. तो तापून-निवून लांबतो-आखडतो, मग जोड सैल होतात आणि पुढे दुरुस्तीला भिंत फोडावी लागते. प्लायवूड, लाकडी पॅनेल किंवा फॉल्स सीलिंगमधून पाइप काढणं टाळाच.

पाइप स्टेनलेस स्टीलचा, गीझरबरोबर कंपनीने दिलेला किंवा तिने सांगितलेल्या व्यासाचा. धूर शंभर अंशांहून गरम असू शकतो आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा पीव्हीसी बाद. स्वयंपाकघराच्या चिमणीला लावतात तो चुण्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइपही नको, तो फाटतो आणि त्याच्या चुण्यांत पाणी साचतं. पंख्याच्या गीझरचा आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे धुरातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी आणि पावसाचे थेंब गीझरकडे न येता बाहेर ठिबकतील. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, म्हणून हा उतार महत्त्वाचा. वळणं शक्य तितकी कमी ठेवा. लांबी पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेबाहेर नेऊ नका.

बाहेरचं तोंड कुठे यावं? पंख्याने धूर फेकणाऱ्या उपकरणासाठी अमेरिकी संहितेतलं अंतर लक्षात ठेवायला सोपं आहे: उघडणाऱ्या कोणत्याही दारा-खिडकीच्या खाली किंवा बाजूला असेल तर चार फूट लांब, आणि वर असेल तर निदान एक फूट वर. यात शेजाऱ्याची खिडकीही आली, वरच्या मजल्याची तर नक्कीच आली. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली किंवा सिलिंडर ठेवलेल्या कोपऱ्यात ते काढू नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून तुफान येतो. तिथे शक्य असेल तर पश्चिमेची भिंत सोडा, आणि वाऱ्याची टोपी व स्टील दोन्ही चांगल्या प्रतीचं घ्या, खारी हवा साधा पत्रा लवकर खाते.

एवढं करूनही आत हवा येण्याची वाट ठेवावीच लागते, फक्त पूर्ण बंद प्रकाराचा अपवाद. एक झडपांची जाळी जमिनीलगत, एक छताजवळ, आणि दोन्ही अशा की बंदच करता येऊ नयेत. इथे एक गोष्ट आपल्या समजुतीच्या उलट आहे. त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन लावला की सुरक्षितता वाढते, असं वाटतं. खिडक्या बंद असताना एक्झॉस्ट फॅन किंवा स्वयंपाकघरातली जोरदार चिमणी खोलीतली हवा ओढते, आणि ती भरून काढायला हवा धुराच्या पाइपातून उलटी येऊ शकते, धुरासकट.

म्हणून उदबत्तीची चाचणी करा. आपोआप वर धूर नेणाऱ्या गीझरसाठी ती उत्तम आहे. सगळी दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे एक्झॉस्ट आणि चिमणी पूर्ण वेगाने चालू करा, पाच मिनिटं गीझर चालवा आणि पेटती उदबत्ती गीझरच्या वर, कॉलरखालच्या फटीजवळ धरा. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. तो खोलीकडे फेकला गेला, तर गीझर तिथेच बंद करून दुरुस्ती होईपर्यंत लावायचा नाही. ही चाचणी धुराच्या वाटेची आहे. गॅसच्या जोडण्या मात्र साबणाच्या फेसानेच तपासायच्या, ज्योतीने किंवा उदबत्तीने कधीही नाही.

देखभाल आणि थोडी सावधगिरी

गीझरची ज्योत निळी असावी. पिवळी, लवलवती ज्योत किंवा पेटीवर काजळी दिसली तर जळणं बिघडलंय. कारण बहुधा साधं असतं: बर्नरमध्ये साठलेली धूळ, कोळ्याचं जाळं, बाहेरच्या तोंडात कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर किंवा कबुतराने आणून ठेवलेल्या काड्या. दर पावसाळ्यानंतर, थंडी सुरू होण्याआधी जाणकार माणसाकडून बर्नर आणि पाइप साफ करून घ्या. रेग्युलेटर घरगुतीच वापरा. व्यावसायिक सिलिंडरचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला तर ज्योत मोठी होते आणि हवा हमखास कमी पडते. घरात पाइपचा गॅस आला असेल तर एलपीजीचा गीझर त्याला तसाच जोडू नका. दोन्ही गॅस आणि त्यांचे दाब वेगळे असतात, जेट बदलावे लागतात, आणि ते कंपनीच्या माणसानेच करावं.

नवीन गीझर घेताना आयएसआय चिन्ह पाहा. एलपीजीवरच्या छोट्या घरगुती गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गीझर बरा, पण त्या वीस मिनिटांवर विसंबून तो बंद बाथरूममध्ये लावू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाथरूमलगतच्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये लावा. वाफेने बिघडतो, म्हणून बाथरूममध्ये नको. दुकानदार गॅस गळतीचा अलार्म पुढे करेल, तो या कामाचा नाही. दोन्ही वेगळी यंत्रं आहेत. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. मुलांना आणि वयस्कर माणसांना कडी न लावता अंघोळ करायची सवय लावली तर अधिकच चांगलं.

कुणी आत बेशुद्ध सापडलं, तर दार सताड उघडा, माणसाला उघड्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ला फोन लावा. आत जाणाऱ्याने तिथे रेंगाळू नये. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य हेच सांगा, की गॅस गीझर चालू होता. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला नेहमीचं वाटतं आणि तो ९८ दाखवू शकतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ताची वेगळी तपासणी करायला सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात तेवढा कमी होतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घरी परतू नका.

घरमालकांना कळकळीची विनंती आहे. शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं तुमच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाथरूममध्ये काय लावायचं ते ती निवडत नाहीत, आणि त्यांना त्याचा धोकाही माहीत नसतो. बाथरूमच्या आत बिनधुराड्याचा गॅस गीझर असेल, तर या थंडीआधी तो बाहेर हलवा किंवा काढून विजेचा लावून द्या. भाडेकरूंनी हा लेख मालकाला दाखवून ते करून घ्यावं, आणि तोवर त्या गीझरचा गॅसचा कॉक बंद ठेवून शेगडीवर पाणी तापवावं.